चिपटंभर म्हणजे किती

उस्मानपुऱ्यातल्या मुलींच्या वसतिगृहात केसरबाई खरात सव्वीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. एवढ्या वर्षांत तिथल्या एकाही मुलीचा वाढदिवस केकाशिवाय गेला नव्हता. वसतिगृहात ओव्हन कधीच नव्हता. मोठ्या लोखंडी कढईत चाळलेली वाळू, वाळूवर जाळी, जाळीवर तेलाचा हात लावलेलं पातेलं, वर ताट आणि ताटावर वरवंटा. मंद गॅसवर तासभर. मग वेलदोड्याचा वास जिन्यानं वर चढत दुसऱ्या मजल्यापर्यंत जायचा आणि मुली पुस्तकं टाकून खाली यायच्या. रव्याचाच केक, पण इतका हलका की बोटानं दाबला तर पुन्हा वर यायचा.

फेब्रुवारीत न्हाणीघरात पाय घसरून केसरबाई पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर आलं. स्वयंपाकाला तात्पुरत्या म्हणून लक्ष्मीबाई यायला लागल्या. केसरबाई स्वयंपाकघरामागच्या त्यांच्या खोलीतच राहिल्या. दिवसभर स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून त्या लक्ष्मीबाईंच्या पोळ्या बघत राहत.

येत्या रविवारी सायलीचा वाढदिवस होता. सायली म्हणजे लासूर स्टेशनहून आलेली, पहिल्या वर्षाची, वसतिगृहातली सगळ्यात लहान मुलगी. येऊन सहा महिने झाले तरी ती जेवताना मान वर करायची नाही. लक्ष्मीबाईंनी आधीच हात जोडले होते. "वाळूवरचं मला जमत नाही बाई. बेकरीतून आणा."

"मी करते," तनुजा म्हणाली.

तनुजा निकम वैजापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. बी. फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिसऱ्या वर्षापर्यंत गोळ्या, मलमं, सिरप असं बरंच काही तिनं प्रयोगशाळेत स्वतःच्या हातानं केलं होतं. केक काय, कृती लिहून घेतली की झालं, असं तिला वाटलं. मंगळवारी दुपारी कॉलेजातून आल्यावर ती वही घेऊन केसरबाईंसमोर बसली.

"मावशी, रवा किती?"

"चार चिपटी."

"साखर?"

"तीन. सपाट."

"दही?"

"दोन गिलास. पातळ असलं तर जरा कमी."

"सोडा?"

"पावडरच्या डब्याचं झाकण हाय ना त्या फळीवर, ते एक भरून."

चिपटं म्हणजे धान्य मोजायचं लोखंडी माप, मोठ्या वाटीएवढं. वसतिगृहात नोकरी लागली तेव्हा केसरबाईंनी ते बाजारातून आणलं होतं. तनुजानं सगळं लिहून घेतलं आणि केसरबाईंच्या देखत चार चिपटी रवा मोजला. एक दाणा कमी पडू नये म्हणून दर वेळी चमच्याच्या पाठीनं दाबून मोजला. सगळं सांगितल्याप्रमाणं केलं.

तासाभरानं ताट काढलं तर केक पातेल्यात जसा ओतला होता तेवढाच होता. सुरी अर्ध्यात अडकली. मुलींनी तो चहात बुडवून खाल्ला, सायलीनंसुद्धा, आणि "चांगलाय की," म्हणाल्या. त्या चांगलं म्हणाल्या म्हणूनच तनुजाला जास्त वाईट वाटलं.

केसरबाईंनी डाव्या हाताच्या बोटानं एक तुकडा मोडून बघितला. "रवा जास्त पडला."

"चारच चिपटी घातली, मावशी. तुमच्यासमोर."

"चारच. पर ठासून घातलीस. मी असं भरत नाय."

"मग कसं भरता?"

दाखवायला म्हणून केसरबाईंनी उजवा हात उचलला. प्लॅस्टरचा पांढरा कोपर टेबलावर आपटला. त्यांनी हात परत मांडीवर ठेवला आणि डाव्या हातात चिपटं धरून बघितलं. रवा निम्मा ओट्यावर सांडला.

"ह्या हाताला काय येत नाय," त्या म्हणाल्या. "नुसता खायला लागतो."

शेजारच्या खोलीतल्या निशानं डाएटसाठी एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मागवला होता. डाएट आठ दिवसांत संपलं, काटा खोक्यात पडून होता. तनुजानं तो मागून आणला. कृती ग्रॅममध्ये लिहून काढली की संपलं, मग चिपटं कोण कसं भरतो हा प्रश्नच उरणार नाही, असा तिचा विचार होता.

आधी तिनं स्वतः दाबून भरलेलं चिपटं काट्यावर घातलं. दोनशे बावन्न ग्रॅम. मग न दाबता, वरून सपाट करून. एकशे नव्वद. मग शीग लावून, म्हणजे वर राहील तेवढा ढीग करून. दोनशे पाच. पुन्हा शीग लावून. दोनशे तेवीस. पुन्हा. दोनशे अकरा.

चिपटं तेच, रवा तोच, हात तिचाच. तरी दर वेळी आकडा वेगळा. निशानं मोबाइलवर शोधून बघितलं. एका ठिकाणी कपभर रवा एकशे साठ ग्रॅम लिहिला होता, दुसऱ्या ठिकाणी एकशे सदुसष्ट, तिसऱ्या ठिकाणी एकशे ऐंशी.

"ह्यांचंही जमत नाही की," निशा म्हणाली.

तनुजा रिकाम्या चिपट्याकडं बघत बसली. केसरबाईंचं चिपटं केसरबाईंच्या हातात होतं, आणि तो हात प्लॅस्टरमध्ये होता. प्लॅस्टर निघायला अजून पाच आठवडे होते. डॉक्टरांनी तर सांगितलं होतं, बोटांत पहिल्यासारखी ताकद येईलच असं नाही. मग ते वजन आता कुठून काढायचं?

बुधवारी दुपारी तिला एक सुचलं.

"मावशी, मी ओतते. तुम्ही नुसतं बघा. तुमच्या हातानं जेवढं झालं असतं तेवढं झालं की थांब म्हणा."

"मी काय एसटीची कंडक्टर हाय का, घंटी मारायला?" केसरबाई म्हणाल्या. पण स्टूल ओट्याजवळ ओढून बसल्या.

तनुजानं काटा असा ठेवला की त्याचा आकडा केसरबाईंना दिसू नये. मध्ये चहाचा डबा उभा केला. आकडे लिहायला पलीकडं निशा बसली. तनुजा वाटीतून चिपट्यात रवा सोडू लागली.

"थांब."

तनुजानं चिपटं काट्यावर रिकामं केलं. निशानं आकडा लिहिला.

"परत."

"थांब."

असं तीनदा झालं. तनुजानं मान वळवून वहीत बघितलं. दोनशे चौदा. दोनशे सोळा. दोनशे पंधरा.

निशानं भुवया उंचावल्या. तनुजानं ओठांवर बोट ठेवलं. तीन आकडे म्हणजे काहीच नाही, योगायोगानंही येतात. कॉलेजात गोळ्यांच्या वजनाची चाचणी करताना वीस गोळ्या घ्यायला लावतात. वीस गोळ्या एकेक करून तोलायच्या, सरासरी काढायची, आणि प्रत्येक गोळी सरासरीपासून किती लांब जाते ते बघायचं. मोठ्या गोळीला पाच टक्के इकडंतिकडं चालतं. लाखो रुपयांचं मशीन गोळी पाडतं, तरी पाच टक्के सूट असते.

"मावशी, वीस वेळा करू या?"

"करा की. मला काय काम हाय?"

पाचव्या वेळेला केसरबाई म्हणाल्या, "तो पंखा बंद कर गं."

"उकडतंय, मावशी."

"उकडू दे. ऐकू येत नाय."

तनुजाचा हात वाटीवरच थांबला. "काय ऐकू येत नाही?"

"रवा," केसरबाई म्हणाल्या, जणू हे विचारण्यासारखं काही नव्हतंच.

निशानं उठून पंखा बंद केला. स्वयंपाकघर एकदम शांत झालं. बाहेर रस्त्यावरच्या रिक्षा, वर कुणीतरी बादली भरत होतं, आणि इथं लोखंडावर पडणाऱ्या रव्याची बारीक सरसर. आता तनुजानंही कान दिला. चिपटं रिकामं असताना आवाज खणखणीत होता, मग भरत गेला तसा मऊ होत गेला, मग जवळजवळ नाहीसा झाला. तिला एवढंच कळलं. केसरबाई मान किंचित कलती करून, डोळे बारीक करून बसल्या होत्या. त्यांना त्याहून काहीतरी जास्त ऐकू येत होतं.

"थांब."

बाराव्या वेळेला त्यांनी थांब म्हटल्याबरोबर मान हलवली. "हे नको धरू. जास्त पडलं. मी म्हणल्यावर तुझा हात चालूच होता."

निशानं डब्यामागून आकडा बघितला. दोनशे चोवीस. तिनं पेन खाली ठेवलं आणि दोन्ही दंड चोळले. तिच्या अंगावर काटा आला होता.

वीस आकडे पूर्ण झाले तोवर दारात चार-पाच मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या. काय चाललंय ते त्यांना नीट कळलं नव्हतं, तरी त्याही कान देऊन ऐकत होत्या. तनुजानं बेरीज केली, भागाकार केला, पुन्हा केला. सरासरी दोनशे पंधरा. सगळ्यात कमी दोनशे बारा, सगळ्यात जास्त दोनशे अठरा.

केसरबाई कंटाळून म्हणाल्या, "झालं का? चहा टाका आता कुणीतरी."

त्या दिवशी तनुजानं त्यांना आकडे सांगितले नाहीत. खरं तर तिचाच विश्वास बसत नव्हता. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बारीक काट्यावर तिनं पावडरच्या डब्याचं झाकण सोड्यानं भरून तोललं, कारण निशाचा काटा पूर्ण ग्रॅमच दाखवायचा, त्याखालचे अपूर्णांक नाही. सात पूर्णांक चार ग्रॅम. तिनं ते लिहून घेतलं, पण डोक्यात रव्याचेच आकडे होते.

गुरुवारी संध्याकाळी वसतिगृहाचं वाणसामान आलं. या वेळी रवा जाड होता, आधीचा बारीक होता. साखरेचं माप काढायला म्हणून तनुजा बसली होती, पण तिनं आधी हा नवा रवा घेतला. केसरबाई समोर, डबा मध्ये, निशा पलीकडं. तनुजा ओतू लागली.

"थांब."

तनुजानं चिपट्यात बघितलं. शीग फारशी चढलीच नव्हती. काल बारीक रव्याचा चांगला टोकदार ढीग झाल्यावर त्या थांब म्हणाल्या होत्या. आज रवा काठाच्या जेमतेम वर होता.

"मावशी, अजून बसेल की. काल बघा कितीतरी वर घेतला होता."

"काल हलका व्हता. हा जड हाय."

तनुजानं चिपटं काट्यावर रिकामं केलं. निशा आकड्याकडं बघत राहिली. मग तिनं मध्ये उभा केलेला चहाचा डबाच बाजूला केला, तनुजालाही दिसावं म्हणून.

दोनशे सोळा.

तनुजा खाली बसली, ओट्याजवळच्या फरशीवरच. तिला वाटत होतं, केसरबाई माप सांभाळतात. कालपासून ती हेच समजून होती, की यांच्या डोळ्यात चिपट्याची एक ठरावीक उंची पक्की बसली आहे. पण उंची बदलली होती आणि वजन बदललं नव्हतं. म्हणजे ही बाई सव्वीस वर्षं चिपट्यानं मोजतच नव्हती. चिपटं हातात होतं एवढंच. ती तोलत होती, काट्याशिवाय.

"मावशी, कसं कळतं तुम्हाला?"

"काय?"

"हा जड आहे, तो हलका आहे. हात न लावता."

केसरबाईंनी थोडा विचार केला. कुणी हे कधी विचारलं नसावं. "पडतो कसा ते बघायचं. हलका रवा वर बसून राहतो, ढीग धरतो. जड असला की कडेनं लवकर घसरतो. आन् आवाज."

ढीग किती उतरता होतो तो कोन काढायचा एक प्रयोग तनुजानं दुसऱ्या वर्षाला केला होता. नरसाळ्यातून पावडर सोडायची, ढिगाची उंची, रुंदी, मग कोष्टक. दोन तास लागले होते.

"हे शिकलात कुठं?"

"शिकायचं काय त्यात?" केसरबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आईनं लावलेली सवय हाय."

लक्ष्मीबाई भाजी निवडायच्या थांबल्या. केसरबाई बोलत राहिल्या, मोठ्यानं नाही, ओट्यावरच्या रव्याकडं बघत.

"माझी आई भागूबाई. आमच्या गावात ती खळ्यावर राबायची, मी बरोबर असायची. सात-आठ वर्षांची आसंल. दिवस मावळला की मालक मजुरी घालायचा. ज्वारीच, मापानं. आपण मापाला हात लावायचा नाय, बाटतं. लांब उभं राहून पदर पसरायचा आन् तो वरून ओतायचा. ओतताना अंगठा मापाच्या आत धरायचा. एक अंगठा म्हणजे मूठभर ज्वारी. कधी माप हलवून भरायचा, कधी वरच्यावर. आई म्हणायची, हात लावू देत नायत ना, मग कान लाव. पदरात पडताना ऐक. पडताना बघ. रोज घरी जाताना मला विचारायची, आज किती कमी व्हती? मी सांगायची, दोन मुठी. ती म्हणायची, नाय, अडीच."

तोवर दारात काही मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"एकदा तिनं तोंडावर म्हणलं. मालक, माप कमी हाय. सगळे हसले. म्हणाले, तुला काय कळतं गं मापातलं? कापूस तोलायचा काटा तिथंच टांगलेला व्हता, हाताच्या अंतरावर. म्हणली, त्याच्यावर घाला. कुणी घातलं नाय." केसरबाईंनी डाव्या हातानं ओट्यावरचा सांडलेला रवा गोळा केला. "मग मलाबी वाटायचं, आईला उगंच वाटत आसंल. अंदाजच तो. गरिबाला नेहमी कमीच दिसतं, आसं लोक म्हणायचे."

तनुजाला आपल्या घरच्या ओसरीवर खिळ्याला टांगलेली जुनी लोखंडी अधोली, धान्य मोजायचं माप, आठवली. त्यात आता काहीच मोजत नसत. तिच्याबद्दल तनुजानं घरात कधी काही विचारलं नव्हतं.

"कुठलं गाव, मावशी?"

केसरबाईंनी नाव सांगितलं. तनुजाचं गाव नव्हतं, दोन गावं सोडून पलीकडचं होतं. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच लाज वाटली. ती उठली आणि वही आणून केसरबाईंच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"कालचे आकडे. तुम्ही वीस वेळा थांब म्हणालात ना, ते."

केसरबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या. आकड्यांवर बोट ठेवत, ओठ हलवत त्या एकेक वाचू लागल्या. दोनशे चौदा, दोनशे सोळा, दोनशे पंधरा, दोनशे पंधरा. पानाच्या शेवटापर्यंत गेल्या आणि पुन्हा वर आल्या.

"सगळे सारखेच दिसायलेत."

"सारखेच आहेत, मावशी. औषधाच्या कारखान्यात मशीन गोळ्या करतं, त्यालासुद्धा सूट असते. त्या हिशेबानं तुमचं दोनशे पाचपासून दोनशे पंचवीसपर्यंत काहीही चाललं असतं. तुम्ही इकडं तीन ग्रॅम आणि तिकडं तीन ग्रॅम, त्याच्या पुढं गेलाच नाहीत."

"तीन गराम म्हणजे किती?"

तनुजानं काट्यावर कागद ठेवला, आकडा शून्यावर आणला आणि चिमटी-चिमटीनं रवा टाकला. तीन झाल्यावर तो कागद केसरबाईंच्या डाव्या तळहातावर रिकामा केला.

केसरबाईंनी हात डोळ्यांजवळ नेला. तळहाताच्या मधोमध रव्याचा लहानसा ठिपका होता, फुंकर मारली तर उडून जाईल एवढा. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. दारातल्या मुलींपैकी एकीनं काही बोलायला तोंड उघडलं तेव्हा निशानं तिचा हात दाबला.

"एवढंच चुकते मी?"

"एवढंच."

"म्हणजे आईचं बरोबर व्हतं," केसरबाई म्हणाल्या.

त्या रडल्या नाहीत. तळहात तसाच उघडा धरून बसल्या. मग म्हणाल्या, "ती तर माझ्यापरीस हुशार व्हती. मी दोन म्हणायची, ती अडीच." आणि परत एकदा, आता कुणाला उद्देशून नाही, "बरोबर व्हतं तिचं."

त्या रात्री जेवताना वसतिगृहात नेहमीसारखा गोंगाट नव्हता. मुली ताटं घेऊन ओळीनं जाताना स्टुलावर बसलेल्या केसरबाईंकडं बघत होत्या. काहींनी रोज त्यांच्या हातचं खाल्लं होतं, तीन-तीन वर्षं. सायली मात्र त्यांच्यासमोर थांबली. "मावशी, माझ्या ताटातल्या भाताचं सांगता?"

"दीड पोळीइतका हाय," केसरबाई म्हणाल्या, "आन् तुला पुरणार नाय. अजून घे."

सायलीनं अजून घेतला.

शुक्रवारी आणि शनिवारी साखर, दही, तेल सगळं 'थांब' म्हणत तोलून झालं. दह्याचं पहिल्यांदा जमेना. केसरबाई प्रत्येक वेळी वेगळं सांगायच्या. मग लक्षात आलं, घट्ट दही असलं की त्या जास्त घेत, पण दूध कमी करत. दोन्ही मिळून बेरीज जवळजवळ तीच यायची. तनुजानं शेवटी एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: रवा आठशे साठ, साखर सहाशे दहा, दही आणि दूध मिळून आठशे चाळीस, तेल दोनशे, सोडा सात पूर्णांक चार, वेलदोडे दहा.

रविवारी सकाळी केसरबाईंनी जाहीर केलं, "मी आत येणार नाय."

"का, मावशी?"

"मी आत असले तर तू माझ्या तोंडाकडं बघशील. कागदाकडं बघ."

त्या मागच्या अंगणात सावलीत जाऊन बसल्या. तनुजानं चिपटं फळीवरून काढलंच नाही. काट्यावर पातेलं ठेवून एकेक जिन्नस आकड्याला आकडा जुळेपर्यंत घातला. रवा दह्यात भिजला. कढईतली वाळू तापली. पातेलं आत गेलं, ताट बसलं, वरवंटा बसला. तनुजा समोर उभी राहिली. गॅस कमी-जास्त करायला हात शिवशिवत होता, तो तिनं पाठीमागं धरून ठेवला.

चाळीस मिनिटांनी वेलदोड्याचा वास आला. आधी स्वयंपाकघरात, मग जिन्यात. वर दारं उघडल्याचा आवाज झाला.

ताट उचललं तेव्हा केक पातेल्याच्या काठाच्या वर आला होता. मधोमध बारीक भेग, भेगेतून वाफ. तनुजानं बोटानं दाबलं. खड्डा पडला आणि हळूहळू भरून आला, आत कुणीतरी श्वास घ्यावा तसा. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा वर आला. तिनं हे स्वतः केलं होतं, तिला ठाऊक होतं, एकेक ग्रॅम ठाऊक होता. तरी ती दोन पावलं मागं सरली.

सायलीनं केक कापला. पहिला तुकडा तिनं आईला फोनवर दाखवला आणि दुसरा बशीत घालून अंगणात नेला. मागोमाग तनुजा गेली, निशा गेली, लक्ष्मीबाई पदराला हात पुसत गेल्या.

केसरबाईंनी डाव्या हातानं तुकडा मोडला, आतली जाळी उन्हात धरून बघितली, तोंडात टाकला. चावताना त्यांचे डोळे मिटले होते. मग उघडले आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, तिथं अजून कुणीतरी असेल असं.

"हा माझाच हाय," त्या म्हणाल्या.

"तुमचाच, मावशी."

"पर मी तर इथं बसले व्हते." त्यांनी बशीकडं बघितलं, मग मांडीवरच्या प्लॅस्टरकडं. "माझा हात लागला नाय त्याला. आन् माझाच हाय."

त्यांनी तो तुकडा पूर्ण खाल्ला आणि दुसरा मागितला. दुसरा खाताना त्या हसत होत्या, पण आश्चर्य काही त्यांच्या चेहऱ्यावरून जात नव्हतं. दुपारी निशानं त्या कागदाचा फोटो वसतिगृहातून शिकून गेलेल्या मुलींना पाठवला. पुढच्या रविवारी नांदेडहून, नाशिकहून, पुण्याहून फोटो आले, वेगवेगळ्या कढया, वेगवेगळी पातेली. एकीचा तळाला करपला होता. बाकी सगळ्यांचे काठाच्या वर आले होते. केसरबाई फोन डोळ्यांशी धरून एकेक बघत. लग्न होऊन सासरी गेलेल्या एकीनं लिहिलं होतं, "मावशी, माझ्या सासूनं विचारलं हा कुणाचा." केसरबाईंनी तनुजाला उत्तर लिहायला सांगितलं, "सांग तिला, वसतिगृहाचा." मग म्हणाल्या, "नाय, थांब. केसरबाईचा लिही."

मार्चअखेर प्लॅस्टर निघालं. हात बारीक झाला होता, बोटं पूर्ण मिटत नव्हती. डॉक्टरांनी मऊ चेंडू दाबायला दिला. ओतायचं काम आता मुलींकडंच राहिलं. स्वयंपाकघरात संस्थेनं मोठा काटा आणला, आणि केसरबाईंना आकड्यांची अशी गोडी लागली की विचारता सोय नाही. डाळ किती, मीठ किती, एका पोळीची कणीक किती, आधी स्वतः सांगायच्या आणि मग काट्यावर घालायला लावायच्या. बरोबर आलं की टाळी द्यायच्या, डाव्या हातानं.

एप्रिलमध्ये एके दिवशी त्या तनुजाबरोबर जाफर गेटजवळच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, रवा घ्यायला गेल्या. दुकान नेहमीचं नव्हतं. दुकानदार तरुण होता, कानाला फोन लावून बोलत होता. त्यानं पोत्यातून रवा काट्यावरच्या पिशवीत सोडला, दोन किलो. आकडे पळत होते, अजून ठरले नव्हते, तोच त्यानं पिशवी उचलायला हात घातला.

"अजून वीस गराम टाक," केसरबाई म्हणाल्या.

दुकानदार हसला. "मौसी, काटा है ना. झूट बोलता क्या काटा?"

"काट्याला कुठं म्हणले मी? तुला म्हणले."

आकडा स्थिरावला. एक किलो नऊशे अठ्ठ्याहत्तर.

दुकानदारानं फोन कानावरून काढला. त्यानं काट्याकडं बघितलं, केसरबाईंकडं बघितलं, पुन्हा काट्याकडं. काट्याचा आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूला नव्हता, त्याच्या बाजूला होता. त्यानं मूठभर रवा टाकला आणि पिशवी बांधली.

"और क्या होना, मौसी?" या वेळी त्यानं नीट विचारलं.

"साबुदाणा. एक किलो."

त्यानं दुसरी पिशवी काट्यावर ठेवली, फावडी भरून घेतली आणि साबुदाणा हळूहळू सोडायला लागला, काट्याकडं न बघता, केसरबाईंच्या तोंडाकडं बघत.